साक्षीदार खोटं बोलत नाहीये, पण चुकत असेल तर?

२१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने ७/११ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं तेव्हा आठवडाभर टीव्हीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जो गदारोळ झाला त्यात सगळं आलं, एटीएसचा तपास आला, कबुलीजबाब आले, मारहाणीचे आरोप आले, राजकारण आलं, आणि "मग एवढी माणसं मारली कोणी" हा प्रश्न तर आलाच, तो यायलाच हवा होता. पण निकालातल्या ज्या भागाशी मी अडकलो त्यावर फार कोणी बोललं नाही. तो भाग म्हणजे टॅक्सीवाल्यांचा.

सरकारी पक्षाकडे टॅक्सी ड्रायव्हर साक्षीदार होते, आरोपींना आम्ही त्या दिवशी चर्चगेटला सोडलं असं सांगणारे. ते पोलिसांपुढे बोलले शंभराहून जास्त दिवसांनी, आणि कोर्टात उभं राहून "हाच तो" असं दाखवलं ते चार वर्षांनी. हायकोर्टाने म्हटलं की एवढ्या दिवसांनी ते चेहरे लक्षात राहावेत असं काही विशेष कारणच दिसत नाही. आता विचार करा ना, मुंबईत दिवसभर टॅक्सी चालवणारा माणूस, मागच्या सीटवरचं भाडं त्याला दिसतं ते आरशात आणि पैसे देताना, त्यातला एक चेहरा तीन-साडेतीन महिन्यांनी? ओळख परेड, म्हणजे संशयिताला इतर माणसांच्या रांगेत उभं करून साक्षीदाराला ओळखायला लावणं, ती ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने घेतली त्याला ती घ्यायचा अधिकारच नव्हता असंही कोर्ट म्हणालं, म्हणजे ती परेड बाद. आणि संशयितांची स्केचेस बनवायला ज्या साक्षीदाराने मदत केली त्याला ना परेडला बोलावलं ना कोर्टात ओळखायला सांगितलं! पुढे सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, २४ जुलैला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल इतर केसेसना दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत आत टाकायचं नाही. तर त्या बारा जणांबद्दल मी इथे काहीच म्हणत नाहीये. माझं म्हणणं त्या "हाच तो" बद्दल आहे, कारण याच खटल्यात २०१५ ला खालच्या कोर्टाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती आणि त्यात या ओळखण्याचा वाटा होता.

माझं मत सरळ सांगतो. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यात आपण सगळेच कच्चे आहोत, पोलीस आणि पासपोर्टवाले सुद्धा, आणि आपली कोर्टं नेमक्या सगळ्यात कच्च्या ओळखीला सगळ्यात जास्त वजन देतात.

हे पटत नाही कारण रोजचा अनुभव उलटा असतो. दादर स्टेशनच्या गर्दीत पाठमोरी मावशी आपण चालीवरून ओळखतो, शाळेतला मित्र वीस वर्षांनी टक्कल पडून भेटला तरी डोळ्यांवरून कळतो. मग वाटतं की चेहरे ओळखणं ही आपली जन्मजात कला आहे. आहे ना, पण ओळखीच्या चेहऱ्यांपुरती. मावशीचा चेहरा आपण हजार वेळा हजार उजेडात बघितलाय, हसताना, रडताना, आजारपणात, मेकअप करून. अनोळखी माणसाचा आपल्याकडे एकच नमुना असतो, एका उजेडातला, एका कोनातला, आणि तो नमुना म्हणजे पूर्ण माणूस असं आपण धरून चालतो.

ब्रिटनमध्ये यावर एक सुंदर प्रयोग झालाय, २०११ चा. लोकांना चाळीस फोटोंचा गठ्ठा दिला आणि सांगितलं की एकेका माणसाचे फोटो वेगळे काढा, जेवढी माणसं तेवढे ढीग. बघणाऱ्यांनी साधारण सात-आठ ढीग केले, काहींनी तर दहाच्या वर. खरं तर फोटोत बायका दोनच होत्या, दोघी नेदरलँड्समधल्या टीव्हीवरच्या प्रसिद्ध बायका, प्रत्येकीचे वीस फोटो. तोच गठ्ठा डच लोकांना दिला तर त्यांनी पटकन दोन ढीग केले, विषय संपला. म्हणजे फोटोंमध्ये माहिती नव्हती असं नाही, ती माहिती वाचता येण्यासाठी माणूस आधी माहीत असावा लागतो. यात आठवणीचा भाग शून्य आहे हे लक्षात घ्या, सगळे फोटो टेबलावर समोर पडलेले होते.

हा मुद्दा मला मोठा वाटतो कारण साक्षीदार चुकतो असं म्हटलं की लगेच लोक म्हणतात बरोबर आहे, घाबरलेला असतो, अंधार असतो, चाकूकडे बघत असतो, वेळ गेलेला असतो. ते सगळं आहेच, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. पण भीती काढा, अंधार काढा, आठवण पण काढा, तरी चूक उरते. १९९९ ची एक टेस्ट आहे, व्हिडिओतला एक स्पष्ट चेहरा वर आणि खाली दहा चेहऱ्यांचे फोटो, सगळे चांगल्या क्वालिटीचे, एकाच दिवशी काढलेले, हवा तेवढा वेळ घ्या आणि सांगा वरचा माणूस खालच्या दहात आहे का आणि असेल तर कोणता. लोकांचं उत्तर बरोबर आलं साधारण सत्तर टक्के वेळा. जेव्हा तो माणूस दहात नव्हताच तेव्हाही दहातल्या तीन वेळा लोकांनी कोणाला तरी उचललंच. कोणाचं काही बिघडणार नव्हतं, कोणी दमदाटी करत नव्हतं, आणि तरी तीस टक्के. आता हाच आकडा आपल्या एखाद्या पोलीस स्टेशनात नेऊन ठेवा, जिथे फुटेज छतातल्या कॅमेऱ्याचं आहे, माणूस टोपी घालून आहे आणि बघणाऱ्या पोलिसावर वरून प्रेशर आहे की आज संध्याकाळपर्यंत अटक दाखवा.

"पण ट्रेनिंग असलेल्या माणसाला कळतं" हे पुढचं उत्तर असतं. नुसत्या नोकरीने कळत नाही. ऑस्ट्रेलियात पासपोर्ट ऑफिसरांचीच परीक्षा घेतली गेली, २०१४ साली ती छापून आली, समोर जिवंत माणूस उभा आणि हातात फोटो, फोटो याचाच आहे का एवढंच सांगायचं. दुसऱ्याच माणसाचा फोटो त्यांनी १४ टक्के वेळा पास केला. आणि खरी गंमत अशी की नोकरीत किती वर्षं झाली याचा आणि बरोबर उत्तरांचा काही संबंध नव्हता, नवा आलेला आणि वीस वर्षं खुर्चीत बसलेला सारखेच, आणि फोटो जुळवायच्या टेस्टमध्ये ते कॉलेजच्या पोरांपेक्षा भारी ठरले नाहीत. त्याआधी १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये सुपरमार्केटच्या कॅशियरांवर प्रयोग झाला होता, क्रेडिट कार्डावर फोटो छापलेला, कार्ड दुसऱ्याचं, आणि निम्म्याहून जास्त वेळा कॅशियरनी ते चालवलं, आपली परीक्षा चालू आहे हे माहीत असूनही. आपल्याकडे तर मतदान केंद्रापासून विमानतळाच्या गेटपर्यंत सगळीकडे आधार कार्डाचा फोटो बघून सोडतात, आणि तो फोटो स्वतःच्या आईला दाखवला तर ती सुद्धा "हे कोण" विचारेल!

आता ओळख परेडकडे येतो. आपल्याकडची पद्धत कागदावर वाईट नाहीये, उलट बऱ्यापैकी विचार करून बनवलेली आहे. परेड पोलीस घेत नाहीत, कार्यकारी दंडाधिकारी घेतात, म्हणजे तहसीलदार, नायब तहसीलदार वगैरे, बहुतेक वेळा जेलमध्येच. हायकोर्टाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे की एका आरोपीमागे किमान सहाएक माणसं उभी करा, दोन आरोपी असतील तर दहा-बारा, साधारण त्याच वयाची आणि त्याच अंगकाठीची, आरोपीला हवी तिथे उभं राहू द्या, पोलीस त्या खोलीत नकोत. म्हणूनच अटकेनंतर आरोपीला बुरखा घालून आणतात, साक्षीदाराने आधी बघायला नको म्हणून. पंच दोन. मग निवेदन लिहिलं जातं आणि ते साधारण अशा भाषेत असतं की सदर साक्षीदाराने रांगेतील सर्व इसमांचे निरीक्षण करून डावीकडून चौथ्या क्रमांकाच्या इसमास हात लावून ओळखले. खाली सह्या, अंगठे, शिक्का.

हे वाक्य परत वाचा. निरीक्षण करून म्हणजे किती वेळ, चार सेकंद की चार मिनिटं? आधी दुसऱ्या नंबरवाल्यापाशी थांबला होता का? "हाच" म्हणाला की "हा असावा" म्हणाला? डमी, म्हणजे रांगेतली बाकीची माणसं, कशी होती, आरोपीला दाढी आणि बाकी सगळे गुळगुळीत असं तर नव्हतं ना? दंडाधिकाऱ्याला आरोपी कोण ते माहीत असतं, कागद तोच भरतो, तर साक्षीदार चौथ्यापाशी आल्यावर त्याची नजर कुठे होती? यातलं काही त्या कागदावर येत नाही. आणि परेडच्या आधी तपास अधिकाऱ्याने मोबाईलमध्ये फोटो दाखवून "हाच का बघ" केलं असेल तर सगळी परेड म्हणजे नुसतं नाटक, कारण मग साक्षीदार मोबाईलमधला फोटो ओळखतो, गुन्ह्याच्या वेळचा माणूस नाही.

पण याहून मोठी गडबड कायद्याच्या मांडणीतच आहे असं मला वाटतं. आपल्याकडे परेडला मुख्य पुरावा मानतच नाहीत. सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलंय की मुख्य पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात आरोपीला ओळखणं, परेड फक्त त्याला आधार देण्यापुरती, २००३ च्या मलखानसिंग केसमध्ये तर परेड झालीच नसली तरी कोर्टातली ओळख चालू शकते असं स्पष्ट आहे. एविडन्स अ‍ॅक्ट जाऊन साक्ष्य अधिनियम आला, कलम ९ चं कलम ७ झालं, मांडणी तीच. म्हणजे बघा, गुन्ह्यानंतर पंधरा दिवसांनी सात जणांच्या रांगेतून निवडणं हे दुय्यम, आणि पाच वर्षांनी आरोपीच्या पिंजऱ्यात एकटा उभा असलेला, बाजूला पोलीस, फोटो पेपरात येऊन गेलेला, अशा माणसाकडे बोट दाखवणं हे मुख्य! त्या पिंजऱ्यात दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवणार तो? तिथे चुकायला जागाच नाही म्हणून बरोबर असण्यालाही अर्थ नाही.

संशोधन याच्या बरोब्बर उलटं सांगतं. साक्षीदाराची पहिली ओळख, तीही स्वच्छ पद्धतीने घेतलेली, आणि त्या क्षणी त्याने स्वतःच्या शब्दात सांगितलेली खात्री, एवढीच खरी कामाची असते. पहिल्या वेळी जो झटकन आणि ठामपणे ओळखतो तो बऱ्यापैकी विश्वासार्ह असतो, जो चाचपडतो तो नसतो. त्यानंतर प्रत्येक वेळी खात्री वाढत जाते पण अचूकपणा वाढत नाही. नुसतं "शाब्बास, बरोबर ओळखलंस" एवढं कोणी म्हटलं तरी लोक नंतर सांगतात की आम्हाला तेव्हाही पक्कं माहीत होतं, नीट दिसलं होतं, हे १९९८ पासून पुन्हा पुन्हा सिद्ध झालेलं आहे.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधली रोनाल्ड कॉटनची केस याचं सगळ्यात भयानक उदाहरण. १९८४, बलात्काराची केस. पीडित मुलीने हल्ला चालू असतानाच ठरवलं होतं की याचा चेहरा नीट लक्षात ठेवायचा, म्हणजे तिने जीव तोडून बघितलं होतं. फोटोंमधून निवडताना तिला काही मिनिटं लागली, रांगेत उभं केलं तेव्हा दोघांमध्ये घुटमळली, मग कॉटनला निवडलं, आणि तिला सांगण्यात आलं की फोटोतून निवडलास तोच हा. १९८५ मध्ये कोर्टात ती शंभर टक्के ठाम होती. पुढे दुसऱ्या खटल्यात खरा गुन्हेगार तिच्यासमोर कोर्टात आणला गेला तेव्हा ती म्हणाली की याला मी आयुष्यात कधी बघितलं नाही. १९९५ मध्ये डीएनएने कॉटन सुटला, दहा वर्षांहून जास्त काळ आत काढून. तिच्या डोक्यात तोपर्यंत हल्लेखोराचा चेहरा म्हणून कॉटनचाच चेहरा बसला होता. अमेरिकेत डीएनएमुळे सुटलेल्या शेकडो लोकांच्या केसेसमध्ये साधारण सत्तर टक्क्यांत कोणा ना कोणा साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता.

ती मुलगी खोटं बोलत होती का? अजिबात नाही. आपल्याकडच्या निकालपत्रांमध्ये मात्र एक ठरलेलं वाक्य सापडतं, साक्षीदाराचं आरोपीशी पूर्वीचं वैर नाही, त्याला खोटं गोवण्याचं काही कारण नाही, सबब त्याच्या साक्षीवर अविश्वास दाखवायचं कारण नाही. उलटतपासणीत आरोपीचा वकील पण तेच करतो, साक्षीदाराला खोटारडा ठरवायला बघतो, पोलिसांनी पढवलं असं सुचवतो. सगळी यंत्रणा खोटं शोधायला बनलेली आहे आणि प्रामाणिक चूक शोधायला तिच्याकडे हत्यारच नाही. इंग्लंडने हा धडा जुना शिकलेला आहे. १८९६ मध्ये अ‍ॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला एकामागून एक बायकांनी फसवणारा म्हणून ओळखलं, तो आत गेला, १९०४ मध्ये पुन्हा तेच झालं, आणि मग खरा ठग सापडला. साक्षीदारांच्या ओळखीचा प्रश्न तपासणाऱ्या १९७६ च्या डेव्हलिन समितीनंतर टर्नबुल केसमध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की ओळखीवरच केस उभी असेल तर जजने ज्युरीला सावध करायचं, की चुकलेला साक्षीदारही पटणारा असू शकतो, आणि ओळख कच्ची असेल आणि दुसरा आधार नसेल तर केस तिथेच थांबवायची.

मग लोक म्हणतात आता सीसीटीव्ही आहे ना, साक्षीदाराची भानगडच नको. सीसीटीव्हीने साक्षीदाराची आठवण बाजूला होते, डोळे तेच राहतात. पुण्यातला जर्मन बेकरीचा स्फोट आठवतो? १३ फेब्रुवारी २०१०, १७ माणसं गेली. बेकरीच्या फुटेजमध्ये पाठीला सॅक लावलेला एक माणूस होता. मे महिन्यात मंगळूर विमानतळावर एका तरुणाला पकडलं, हाच तो फुटेजमधला असं जाहीर झालं, दिल्लीहून गृहमंत्र्यांनी एटीएसचं कौतुकही केलं. नंतर कळलं की तो नव्हेच, स्फोटाच्या केसमध्ये त्याच्यावर आरोपपत्र सुद्धा आलं नाही, आणि फुटेजमधला माणूस म्हणून पोलिसांनी पुढे दुसरंच नाव घेतलं. इथे फुटेज होतं, वेळ होता, राज्यातले सगळ्यात अनुभवी लोक होते. ब्रिटनमध्ये १९९९ मध्येच दाखवून झालं होतं की खराब फुटेजमधून प्राध्यापकांना त्यांचे विद्यार्थी जवळपास बिनचूक ओळखतात, आणि पोलीस अधिकारी ओळखायला बसवले तर त्यांचा निकाल त्या प्राध्यापकांना कधीच न बघितलेल्या पोरांएवढाच येतो.

सॉफ्टवेअरने हे सुटेल असं ज्यांना वाटतं त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, चांगलं सॉफ्टवेअर खरंच चांगलं आहे, पण ते शेवटी आठ-दहा सारख्या दिसणाऱ्या माणसांची यादी काढून देतं आणि निवडतो माणूसच. ऑस्ट्रेलियातच २०१५ मध्ये तपासलं तर अशा यादीतून निवडताना साधे लोक निम्म्या वेळा चुकले, आणि रोज हेच काम करणारे पासपोर्टवालेही तेवढेच. साहजिक आहे, यादीतले सगळेच एकमेकांचे मावसभाऊ वाटावेत असे असतात. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात उत्तर दिलं होतं की सॉफ्टवेअरमध्ये चेहरा ८० टक्के जुळला की ते पॉझिटिव्ह धरतात. हे ऐंशी कोणी ठरवले, कशावरून?

सगळेच कच्चे असतात असंही नाही. चेहरे तपासायचं रीतसर शिक्षण घेतलेले तज्ज्ञ सामान्य माणसापेक्षा बरेच बरे ठरतात, आणि काही लोक जन्मतःच यात तरबेज असतात, लंडनच्या पोलिसांनी २०१५ मध्ये अशा लोकांचं वेगळं युनिटच काढलं. २०१८ च्या एका मोठ्या तुलनेत सगळ्यात चांगला निकाल आला तो एक तज्ज्ञ आणि एक चांगलं सॉफ्टवेअर यांची मतं एकत्र केली तेव्हा. पण अट अशी की मतं स्वतंत्र हवीत. आपल्याकडे साहेब म्हणाले "हाच वाटतोय" की खोलीतल्या सगळ्यांना तोच वाटायला लागतो. निदान फुटेज बघणाऱ्यांची एकदा टेस्ट तरी घ्या, कोणाचे डोळे चांगले आहेत ते कळेल, हुद्द्यावरून ते कळत नाही.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. रस्त्यावरची लूट, चेन स्नॅचिंग, अनोळखी माणसाने केलेला बलात्कार, यात पुष्कळदा साक्षीदाराच्या डोळ्यांशिवाय काही नसतं, तिथे तुम्ही ओळखीला किंमत नाही म्हटलं तर गुन्हेगार मोकाट सुटणार आणि पीडितेला पुन्हा ऐकून घ्यावं लागणार की तुझ्यावर विश्वास नाही. माझं म्हणणं किंमत शून्य करा असं नाहीच. पहिल्या ओळखीची किंमत वाढवा, ती नीट घ्या, आणि कोर्टातल्या बोट दाखवण्याची जवळपास काढून टाका, आणि फक्त ओळखीवर, दुसरा कसलाच आधार नसताना, कोणाला जन्मठेप देऊ नका. चुकीचा माणूस आत गेला की खरा बाहेर राहतो, कॉटन आत असताना खऱ्या माणसाने आणखी बायकांवर हल्ले केले होते, ही किंमत कोण मोजतं?

आणि नीट घ्यायला फार पैसे लागत नाहीत. आरोपी कोण हे माहीत नसलेला अधिकारी परेडला उभा करायचा, साक्षीदाराला आधी स्पष्ट सांगायचं की तो माणूस या रांगेत नसूही शकतो, निवडल्यावर त्याच्याच शब्दात विचारायचं की किती खात्री आहे, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत व्हिडिओ. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्यात, कलम १०५ खाली झडती आणि जप्तीचं रेकॉर्डिंग सक्तीचं झालंय, पोलिसांच्या मोबाईलमध्ये ई-साक्ष्य अ‍ॅप आलंय, आज घरातून जप्त केलेल्या मोटरसायकलीचा व्हिडिओ निघतो. ओळख परेडचा मात्र कलम ५४ प्रमाणे सक्तीने फक्त तेव्हाच, जेव्हा ओळखणारा साक्षीदार मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग असेल. बाकी सगळ्यांच्या परेडसाठी अजून तोच कागद, डावीकडून चौथ्या क्रमांकाचा इसम. हे बदलायला संसदेची सुद्धा वाट बघायला नको, क्रिमिनल मॅन्युअल हायकोर्टाचं आहे, त्यात चार ओळी वाढवल्या की उद्यापासून तहसीलदारांना कॅमेरा लावावा लागेल.